शेजारणीच्या गाडग्यातले चिंचोके

तुम्हाला एक विचारतो. समजा, तुम्हाला परगावी जायचंय आणि दुकानाची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवायचीय. शेजारी दोन आहेत. महिनाअखेरीला खर्चाची वाटणी झाली की पहिला विचारतो, "माझ्या वाट्याला किती आलं?" दुसरा विचारतो, "त्याच्या वाट्याला किती आलं?" किल्ली कुणाच्या हातात द्याल?

घाई करू नका. आधी गोष्ट ऐका, मग सांगा.

फार फार वर्षांपूर्वी, माल बैलाच्या पाठीवरून यायचा आणि भाव तोंडी ठरायचा त्या काळात, एका राज्यात नदीच्या वळणावर एक पेठ होती. चारी बाजूंनी दगडी गाळे, मधे फरसबंदी चौक, चौकात विहीर आणि आत-बाहेर करायला एकच देवडी. गाळे भाड्याचे होते आणि पेठ एका म्हाताऱ्या बाईंच्या मालकीची होती. सगळे त्यांना आईसाहेब म्हणत.

आईसाहेबांनी खर्चाचा नियम फार सोपा करून ठेवला होता. उंबरठ्याच्या आतलं ज्याचं त्याचं, उंबरठ्याच्या बाहेरचं सगळ्यांचं. आतला दिवा, आतलं पाणी, आतला नोकर ज्याचा त्याने पोसायचा. चौकातले दिवे, विहिरीचा दोर, झाडलोट आणि देवडीवरचा रखवालदार हा खर्च मात्र सगळ्या गाळेकऱ्यांत वाटायचा. वाटायचा कसा? ज्याच्या गाळ्याचं तोंड जितकं हात रुंद, तितका त्याचा वाटा. एखादा गाळा रिकामा पडला तर त्याचा वाटा आईसाहेब आपल्या पदरचा घालत, बाकीच्यांच्या डोक्यावर टाकत नसत. आणि दोर तुटला तर तुटलेला दोर चौकात आणून ठेवत, म्हणजे नवा का घेतला हे कुणाला विचारावं लागू नये.

पाडव्याच्या दिवशी आईसाहेब प्रत्येक गाळेकऱ्याला विडा देत. विडा मिळाला की गाळा आणखी एक वर्ष तुमचा. विड्याचा नियमही जुनाच होता. जो पेठेच्या खर्चात वाटा उचलतो, त्याला विडा. आजवर कुणाचा विडा चुकला नव्हता, त्यामुळे तो नियम कुणाच्या फारसा ध्यानात राहिला नव्हता.

या पेठेत देवडीतून आत शिरताच पहिला गाळा येसोबा कासाराचा. बापाने मिळवलेला, मोक्याचा. आत येणाऱ्या बाईची पहिली नजर पडायची ती येसोबाच्या बांगड्यांवर. त्याला लागून दुसरा गाळा, अगदी तेवढ्याच रुंदीचा, गोजराबाई कासारणीचा. नवरा वारल्यावर तिने दुकान बंद केलं नाही, स्वतः बसायला लागली.

आता कासाराचा धंदा तुम्ही पाहिला असेल. नुसता माल दाखवून भागत नाही. बाईचा हात हातात घ्यायचा, तो दाबून मऊ करायचा, बोलण्यात गुंतवायचं आणि दुखायच्या आत बांगडी मनगटात गेलेली असायला हवी. गोजराबाईचं स्वतःचं मनगट मोकळं होतं, पण दुसरीच्या हातात ती काकणं अशी चढवायची की एक वाढत नसे; बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं. बायका तिच्या पायरीवर बसून राहत. चुडा भरून झाला तरी उठत नसत.

येसोबाचा धंदा काही वाईट नव्हता बरं का. दोन वेळचं नीट निघत होतं, सणासुदीला गर्दी होत होती. पण त्याची मान वाकडी झाली होती. स्वतःच्या गिऱ्हाइकाचा हात हातात, आणि डोळे शेजारच्या पायरीवर. त्या नादात बांगड्या वाढायच्या आणि गिऱ्हाईक ओरडायचं, "अहो कासारदादा, हात माझा आहे, तिकडे काय बघताय?"

माझ्या ओळखीत असाच एक गूळवाला होता. शेजाऱ्याच्या गुळाच्या ढेपेवर माशा जास्त बसतात म्हणून तो झुरायचा. माशांसाठी! मी म्हटलं, "अरे, तुझ्याकडे माशा नाहीत हे चांगलंच की." तर म्हणाला, "ते कळतं हो. पण त्याच्याकडेच का?" या दुखण्याला औषध नाही. असो.

येसोबाने आधी कुजबुज करून पाहिली. "ज्या बाईच्या हातात काकण नाही, तिच्या हातून चुडा भरता?" बायका म्हणाल्या, "तिच्या हातून काकण वाढत नाही, तुमच्या हातून वाढतं. शकुन कुणाचा चांगला?" कुजबुज तिथेच संपली.

मग महिनाअखेर आली. खर्चाची वाटणी झाली. येसोबाने सवयीने विचारलं, "गोजराबाईच्या वाट्याला किती?"

देवडीवरच्या रखवालदाराने सांगितलं, "तुमच्याइतकंच. गाळे सारखे, वाटा सारखा."

येसोबा घरी आला तो धुमसतच. बायको सगुणा भाकरी थापत होती. तो म्हणाला, "हा न्याय आहे? तिच्या गिऱ्हाइकांनी चौकाची फरशी झिजते. तिच्या पायरीवर सांज होईस्तोवर बायका बसतात, म्हणून दिव्याला तेल जास्त लागतं. झाडूवाल्याचा निम्मा वेळ तिच्या दारात जातो. आणि पैसे मी तिच्याएवढेच द्यायचे?"

सगुणा म्हणाली, "आपला वाटा वाढलाय का?"

"नाही."

"मग द्यायला जड जातोय का?"

"नाही गं! मी काय सांगतोय, तू काय विचारतेयस?"

"मी आपल्या घरचं विचारतेय," सगुणा म्हणाली. "तुम्हीच तिच्या घरचं सांगताय."

पण येसोबा ऐकतो कसला! दुसऱ्या दिवशी तो आईसाहेबांपुढे जाऊन उभा राहिला आणि सगळं गाऱ्हाणं सांगितलं. आईसाहेबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. तुम्ही म्हणाल, येसोबा लबाडच बोलत होता. तर तसं नाही. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ज्याच्यामुळे खर्च जास्त होतो त्याने जास्त द्यावा, यात चूक काय? गोम बोलण्यात नव्हती, पोटात होती.

आईसाहेबांनी विचारलं, "येसोबा, तुला तुझा वाटा जड वाटतो, की तिचा हलका वाटतो?"

"मला न्याय हवा, आईसाहेब."

"बरं. न्याय मागितलास तर नाही कसं म्हणू?"

चौकात सगळ्या गाळेकऱ्यांना बोलावलं. हिंग-हळदीचा म्हातारा व्यापारी म्हणाला, "अर्धा खर्च रुंदीवर ठेवा, अर्धा गिऱ्हाइकांवर. रखवालदार काही गिऱ्हाईक बघून जागत नाही, सगळ्यांसाठी सारखाच जागतो."

"अर्धंमुर्धं नको," येसोबा म्हणाला. "सगळंच गिऱ्हाइकांवर टाका."

आईसाहेबांनी गोजराबाईकडे पाहिलं. येसोबानेही पाहिलं. आता ही कशी रडते, भांडते, हे त्याला डोळे भरून बघायचं होतं. पण गोजराबाई म्हणाली, "भावजी म्हणतात ते खरंय. माझ्याकडच्या बायकांनी पायरी झिजते. मी देईन की."

येसोबाचं तोंड उतरलं. ज्याला चावायला दात शिवशिवतात, त्याच्या तोंडात कुणी लोणी घातलं तर कसं होईल, तसं त्याचं झालं.

मग अशी पद्धत ठरली. देवडीत एक पोतं चिंचोके ठेवायचे. आत येणाऱ्याने मूठभर उचलायचे. ज्या दुकानातून काही घेतलं, त्या दुकानाच्या उंबरठ्यावरच्या गाडग्यात एक चिंचोका टाकायचा. उरलेले जाताना परत द्यायचे. ज्याच्या गाडग्याचं वजन जास्त, त्याचा वाटा जास्त. दर महिन्याला अंदाजाने थोडे पैसे घ्यायचे, आणि पाडव्याला वर्षाचे सगळे चिंचोके एकदम तोलून ज्याने जास्त भरले त्याला परत, ज्याने कमी भरले त्याच्याकडून वसूल.

"आणि येसोबा," आईसाहेब म्हणाल्या, "विड्याचा नियम तोच राहील हं. वाटा उचलेल त्याला विडा. लक्षात आहे ना?"

"आहे, आहे," येसोबा म्हणाला. पण त्याचे डोळे गोजराबाईच्या गाडग्याच्या तोंडाकडे होते. ते पुरेसं मोठं आहे ना, एवढीच त्याला चिंता होती.

पाडव्याला एक महिना उरला होता; तेवढा महिना पद्धत नुसती करून पाहिली, खरी मोजणी पाडव्यापासून. गोजराबाईचं गाडगं जड, येसोबाचं हलकं. तिचा वाटा वाढला, त्याचा घटला. त्या दिवशी येसोबाने घरी श्रीखंड करायला लावलं. सगुणा म्हणाली, "काय मिळालं आज?"

"तिचं गेलं."

"आपल्याला काय मिळालं, ते विचारलं मी."

येसोबाने वाटी पुढे केली. "वाढ."

पण वाटी चाटूनपुसून झाली तरी समाधान होईना. गोजराबाई वाढलेला वाटा देऊन आली होती आणि पुन्हा हसत पायरीवर बसली होती. पैसे देताना कपाळावर एक आठी नाही! येसोबाला वाटलं, अजून पुरेसं लागलं नाही हिला.

आणि खरी मोजणी सुरू झाली त्याच सकाळी त्याला युक्ती सुचली. त्याच्याकडे पहिलीच बाई चुडा भरून उठली आणि गाडग्यात चिंचोका टाकायला वाकली, तसा तो हळूच म्हणाला, "इथे नको, ताई. शेजारच्या गाडग्यात टाका. दोघांचं एकच आहे."

बाईने मान डोलावली आणि चार पावलं पुढे जाऊन गोजराबाईच्या गाडग्यात टाकला. येसोबाला इतका आनंद झाला की त्याने पुढच्या बाईलाही तेच सांगितलं. मग तिच्या पुढच्या बाईलाही.

बांगड्या त्याने विकल्या, पैसे त्याने घेतले, खर्च मात्र तिच्या नावावर चढला. याला आम्ही धंद्यात हुशारी म्हणत नाही. याला जे म्हणतात ते लहान मुलं वाचत असतील म्हणून लिहीत नाही.

आता बघा काय झालं. चिंचोका टाकायला बाई गोजराबाईच्या उंबरठ्याशी जायची. गोजराबाई म्हणायची, "अगंबाई, ऊन किती लागलंय तुम्हाला! बसा, पाणी प्या." बाई बसायची. पाणी प्यायची. समोरच्या बांगड्यांकडे बघायची. "हा रंग कोणता हो? नवीन दिसतोय." मग गोजराबाई तिचा हात हातात घेऊन म्हणायची, "ही शेवटची दोन जरा घट्ट बसलीत, थांबा, सैल करून देते." पुढच्या सणाला ती बाई देवडीतून आत यायची, येसोबाच्या पहिल्या, मोक्याच्या गाळ्यावरून सरळ पुढे जायची आणि गोजराबाईच्या पायरीवर बसायची.

एकदा गोजराबाई आपणहून म्हणाली, "भावजी, तुमच्याकडे चुडा भरलेल्या बायका माझ्या गाडग्यात चिंचोका टाकतात. चुकत असतील का?"

"घाईत असतात, वहिनी," येसोबा म्हणाला. "बायकांची जातच विसरभोळी."

गोजराबाईने एक क्षण त्याच्याकडे पाहिलं. "असेल," म्हणाली आणि आत गेली.

येसोबाला वाटलं, हिला झोंबलं! आता तर त्याला चेवच आला. गिऱ्हाईक कमी झालं होतं, पण त्याला त्याचं भानच कुठे होतं? तो दिवसभर शेजारच्या गाडग्यात पडणाऱ्या चिंचोक्यांचा आवाज ऐकत बसायचा. टक् झालं की हसायचा. पुढे पुढे तर कुणी त्याच्या दारात थांबलं की तोच हात करायचा. "पुढे जा, पुढे. तिथे बघा, नवीन माल आलाय. आमच्याकडे काय ठेवलंय!" कुणी म्हणालं, "पण दादा, मला तुमच्याच हिरव्या हव्यात," तर तो म्हणायचा, "तिच्याकडच्या जास्त हिरव्या आहेत."

हिंगवाला म्हातारा हे सगळं समोरून बघायचा. एक दिवस त्याने विचारलं, "येसोबा, तू दुकान चालवतोस की देवडीवर वाट दाखवायला बसलायस?"

"तुम्हाला नाही कळायचं, काका. पाडव्याला बघा."

घरी सगुणाचा डबा रिकामा होत चालला. ती म्हणाली, "अहो, मामंजींनी उपाशी राहून हा गाळा मिळवला. तुम्ही गाळ्यात राहून उपाशी ठेवणार का आम्हाला?"

"पाडव्यापर्यंत थांब. तिचा वाटा एवढा येणार की तिला गाळा सोडावा लागेल. मग अख्ख्या पेठेत कासार एकटा मी!"

"आणि नाही सोडला तर?"

येसोबाने त्याचा विचारच केला नव्हता.

पुढचा पाडवा आला. चौकात रांगोळ्या घातल्या, देवडीवर तोरण लागलं. हिंगवाल्याचा मोठा तराजू मधोमध टांगला. ज्याची त्याची साठवलेली पोती आली. हळूहळू सगळ्यांची वजनं झाली. गोजराबाईचे चिंचोके आणायला दोन माणसं लागली. तराजूचं पारडं खाली टेकलं ते उठेचना. येसोबाने मांडीवर थाप मारली. वर्षभर तो याच घटकेसाठी जगला होता.

मग त्याची पाळी आली. देवडीवाल्याने त्याचं गाडगं उलटं केलं. एक कोळी खाली पडला आणि लगबगीने फरशीवरून निघून गेला. सगळा चौक हसला. सगळ्यांत मोठ्याने येसोबा हसला.

"शून्य!" तो ओरडला. "माझा वाटा शून्य! महिन्याचे दिलेलेही परत! आता हिचा सांगा."

हिचा सांगितला. वाटा खरोखरच मोठा होता. गोजराबाईने कमरेची पिशवी सोडली, पैसे मोजून ठेवले, आणि पिशवी पुन्हा कमरेला खोचली. ती पिशवी अजून फुगलेलीच होती. ते मात्र येसोबाच्या नजरेतून सुटलं नाही. त्याचं हसू तिथेच थांबलं.

आईसाहेबांनी विडे वाटायला घेतले. हिंगवाल्याला दिला. तेल्याला दिला. कापडवाल्याला दिला. येसोबाने हात पुढे केला. आईसाहेब त्याच्यासमोर थांबल्या, आणि विडा न देता पुढे गेल्या.

"आईसाहेब, माझा विडा?"

"तुझा वाटा किती आला, येसोबा?"

"शून्य."

"मग विडा कशाचा? ज्याच्या दारात वर्षभर एक गिऱ्हाईक आलं नाही, त्याचं पेठेत दुकान आहे असं मी कशावरून म्हणू? रिकाम्या गाळ्याचा वाटा मी घालते. आणि चिंचोके सांगतात, तुझा गाळा वर्षभर रिकामाच होता."

येसोबा ओरडला, "गिऱ्हाइकं आली होती, आईसाहेब! सुरुवातीला पुष्कळ आली. मी त्यांना—"

आणि तो थांबला. कारण पुढचं वाक्य बोललं असतं तर चोरी कबूल करावी लागली असती, आणि नाही बोललं तर गाळा जात होता. सगळा चौक त्याच्या तोंडाकडे बघत होता. सगुणाने पदर तोंडाला लावला.

आईसाहेब गोजराबाईकडे वळल्या. "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग तक्रार का नाही केलीस?"

गोजराबाई म्हणाली, "एकदा विचारलं होतं भावजींना. खरं सांगितलं असतं तर थांबवलं असतं. नाही सांगितलं. मग मी म्हटलं, बाई माझ्या दारी आलीय ना? चिंचोक्यापुरते पैसे मी देईन, पण दारी आलेल्या बाईला पाणी विचारल्याशिवाय कशी जाऊ देऊ?"

येसोबाने मान खाली घातली. देवडीजवळचा तो पहिला गाळा आईसाहेबांनी गोजराबाईला दिला, कारण तिच्याकडे येणाऱ्या बायका उन्हात उभ्या राहत होत्या आणि तिला जागा पुरत नव्हती.

संध्याकाळी येसोबा बापाच्या गाळ्यातल्या बांगड्या टोपलीत भरत होता, तेव्हा गोजराबाई उंबरठ्यावर आली. म्हणाली, "भावजी, मला एक माणूस हवाय. देवडीतून आत आलेल्या बायकांना 'या, इकडे या' म्हणणारा. तुमची जीभ गोड आहे. पगार देईन."

येसोबाने टोपली खाली ठेवली आणि विचारलं, "तुझ्या बाकीच्या नोकरांना किती देतेस?"

सगुणा मागून म्हणाली, "अहो! आता तरी आपलं विचारा!"

दुसऱ्या दिवसापासून येसोबा त्याच देवडीपाशी, त्याच गाळ्याच्या तोंडाशी उभा राहायला लागला. "या ताई, इकडे या, नवीन माल आलाय!" वर्षभर जे काम त्याने फुकट केलं होतं, त्याचाच आता त्याला पगार मिळू लागला. पोट भरत होतं. पण गाडग्यात चिंचोका पडून टक् झालं की आता तो हसत नसे.

तात्पर्य: शेजाऱ्याचा वाटा वाढावा म्हणून जो झटतो, त्याचा स्वतःचा वाटा शून्यावर येतो.

आता सांगा, किल्ली कुणाच्या हातात द्याल? आणि जाता जाता, हात जोडून एक मागणं. तुमचं दुकान असो, घर असो की चार मैत्रिणींचा फराळाचा खर्च असो, आपला चिंचोका आपल्याच गाडग्यात टाका, आणि हिशेब खरा ठेवा.